अवयव शोधणारा गणितज्ञ : प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी

दहावीच्या वर्गात वर्गसमीकरणांचे प्रकरण सुरू झाले की आम्ही विद्यार्थ्यांना प्रथम वसतिगृहाचे अंगण कल्पून पाहायला सांगतो. अंगण आयताकृती आहे, त्याची लांबी रुंदीपेक्षा सात मीटरने जास्त आहे आणि क्षेत्रफळ साठ चौरस मीटर आहे. तर रुंदी किती? रुंदी क्ष मानली की क्षचा वर्ग अधिक सात क्ष उणे साठ बरोबर शून्य, असे समीकरण तयार होते. आता ज्यांचा गुणाकार उणे साठ आणि बेरीज सात येईल अशा दोन संख्या शोधायच्या. मुले थोडी चाचपडतात आणि बारा व उणे पाचपर्यंत पोहोचतात. मधल्या पदाची फोड होते, अवयव पडतात : (क्ष + १२)(क्ष − ५) = ०. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांपैकी निदान एक शून्य असलीच पाहिजे. म्हणून क्ष हा उणे बारा किंवा पाच.

येथे वर्गातील निम्मी मुले वही मिटतात. दोन्ही उत्तरे समीकरणाला मान्य आहेत; परंतु उणे बारा मीटर रुंदीचे अंगण पृथ्वीतलावर नाही. कागदावर मिळालेले उत्तर पुन्हा जमिनीवर नेऊन तपासल्याशिवाय गणित पूर्ण होत नाही. ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसवताना आम्हाला ज्यांचे चरित्र नेहमी आठवते, ते प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण या स्मरणिकेच्या निमित्ताने करीत आहोत.

कोसंबी हे आडनाव आपल्या समाजाला परके नाही. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी यांनी बुद्धवचनांच्या ओढीने घर सोडले. नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा खडतर प्रवास केला, पाली भाषा आत्मसात केली आणि भगवान बुद्धांचे जीवन व विचार मराठी वाचकांच्या दारी आणून ठेवले. अशा पित्याच्या पोटी ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात दामोदर यांचा जन्म झाला. १९१८ साली वडील पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाकडे निघाले, तेव्हा अकरा वर्षांचा हा मुलगाही त्यांच्यासोबत गेला. पुढे त्याच विद्यापीठातून १९२९ साली उच्च श्रेणीत पदवी घेऊन ते मायदेशी परतले. बनारस आणि अलीगढ येथे अध्यापन केल्यावर १९३३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. याच महाविद्यालयात एकेकाळी त्यांच्या वडिलांनी पाली शिकवली होती. पुत्राने तेथे सुमारे बारा वर्षे गणित शिकवले.

गुणाकार करणे सोपे असते. झालेल्या गुणाकारातून मूळचे अवयव ओळखणे अवघड असते. कोसंबींच्या संशोधनाकडे पाहिले की त्यातील बरेचसे काम या दुसऱ्या प्रकारचे होते, असे आम्हाला वाटते. तक्षशिला येथे सापडलेल्या प्राचीन आहत नाण्यांचे उदाहरण घ्या. त्या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. कोसंबींनी त्यांचे वजन केले. नाणे हातोहात फिरते तसे झिजते आणि हलके होते. जितका काळ ते चलनात राहिले, तितकी सरासरी झीज अधिक आणि नाण्यानाण्यांतील वजनाचा फरकही अधिक. हा तर्क त्यांनी गृहीत धरला नाही. आपल्याच काळातील चलनी नाणी तोलून तो आधी पडताळला आणि मग तराजू व संख्याशास्त्र यांच्या साहाय्याने हजारो प्राचीन नाण्यांचा अभ्यास केला. अक्षरे नव्हती तेथे झिजेनेच काळाचा क्रम सांगितला.

आनुवंशशास्त्रातही त्यांनी असेच काम केले. गुणसूत्रावरील दोन जनुकांमध्ये प्रत्यक्षात झालेली काही अदलाबदल पुढच्या पिढीत दिसत नाही, कारण दुसरी अदलाबदल पहिलीला झाकून टाकते. जे दिसते त्यावरून खरे अंतर कसे काढावे, याचे सूत्र कोसंबींनी १९४० च्या दशकात मांडले. ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

त्याच दशकाच्या मध्यास डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले; घर मात्र पुण्यातच राहिले. दख्खनची राणी या गाडीने त्यांचे जाणे-येणे चाले. ही गाडी पिंपरी, चिंचवड, देहूरोड, तळेगाव अशी आपल्या ओळखीची स्थानके मागे टाकीत घाट गाठते. त्या वर्षांत पिंपरीच्या माळरानावर कारखाने उभे राहू लागले होते. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना केली, तीही याच लोहमार्गालगतच्या वस्तीत.

सुट्टीच्या दिवशी कोसंबी हातात काठी घेऊन याच परिसरातील डोंगर पायी तुडवीत. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर त्यांनी अश्मयुगीन माणसाची सूक्ष्म दगडी हत्यारे वेचली. कार्ले येथील चैत्यगृहातील शिलालेखांचा अभ्यास केला. त्या लेखांत दान देणारे यवन आहेत, गंधविक्रेता आहे, दरवाजा घडवणारा सुतारही आहे. देहूजवळचा भंडारा डोंगर आणि आज चाकणच्या औद्योगिक वसाहतीने वेढलेला भामचंद्र डोंगर येथील प्राचीन लेण्यांचा तुकोबांच्या चिंतनस्थळांशी असलेला संबंध त्यांच्या नजरेतून सुटला नाही. शेतकरी, धनगर यांच्या दैवतांची आणि चालीरीतींची ते आस्थेने विचारपूस करीत. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाने या भटकंतीचे फळ जगापुढे ठेवले.

या ग्रंथामागची दृष्टी समजावताना आम्ही पुन्हा फळ्याकडे वळतो. मघाच्या समीकरणात साठच्या जागी एकसष्ट लिहा. मधल्या पदाची फोड होईल अशा दोन पूर्णांक संख्या कितीही शोधल्या तरी सापडत नाहीत. म्हणून समीकरणाला उकल नाही, असे म्हणता येत नाही. उकल आहे; अवयवांची पद्धत तेथे पोहोचत नाही, एवढेच. पूर्ण वर्ग करावा लागतो, सूत्र वापरावे लागते. प्राचीन भारताबाबत सनावळ्या आणि राजवंशांच्या बखरी अपुऱ्या पडतात, हे सारेच जाणत होते. कोसंबी तेथे थांबले नाहीत. नाणे, नांगर, दगडी हत्यार, जत्रा आणि पायवाट यांना त्यांनी साक्षीदार केले.

मात्र त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवीत नाही. १९५९ च्या सुमारास त्यांनी गणितातील एका अतिशय कठीण प्रश्नाची, रीमानच्या गृहीतकाची, सिद्धता दिल्याचे मांडले. गणितज्ञांनी ती तपासली. ती टिकली नाही. गणितज्ञ म्हणून त्यांच्या प्रतिष्ठेला याचा धक्का बसला आणि १९६२ साली संस्थेतील त्यांचा सेवाकाळही संपला. आयुष्यभर इतरांच्या विधानांना पुरावा मागणाऱ्या या विद्वानाची स्वतःची सिद्धता पडताळ्यात उतरली नाही. गणितात नावाचा मोठेपणा चालत नाही. उत्तर गुरुजींचे असो वा पहिल्या बाकावरच्या मुलीचे, ते समीकरणात घालून पाहावेच लागते. भगवान बुद्धांनी कालामांना हेच शिकवले होते : परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून काहीही स्वीकारू नका.

आमच्या वसतिगृहात येणारी अनेक मुले गणिताला भिऊन येतात. कोणाचे आईवडील भोसरीत यंत्रावर उभे असतात, कोणाचे चाकणला पाळीत. चुकले तर हसतील, या भीतीने ही मुले फळ्यापर्यंत येत नाहीत. त्यांना आम्ही कोसंबींची बुद्धिमत्ता जशी सांगतो, तशी ती चूकही सांगतो आणि त्यानंतरचे त्यांचे कामही सांगतो. १९६२ सालीच त्यांचे लोकपरंपरांवरील पुस्तक आले, १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील. जागतिक शांततेसाठी आणि सौरऊर्जेच्या वापरासाठी त्यांनी आपली लेखणी झिजवली. २९ जून १९६६ रोजी पुण्यातील राहत्या घरी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

गेली कित्येक वर्षे आम्ही उत्तरपत्रिकेत एक नियम पाळतो. अवयव चुकले, पण विद्यार्थ्याने आलेले उत्तर समीकरणात घालून पाहिले आणि ते जुळत नाही असे प्रामाणिकपणे लिहिले, तर त्या ओळीला आम्ही गुण देतो. माजी विद्यार्थ्यांना हा नियम आठवत असेल. आज तुम्ही कोणत्याही कारखान्यात, कार्यालयात वा शाळेत असा, ती शेवटची ओळ लिहायला विसरू नका. प्रा. कोसंबी यांना आमचे हेच अभिवादन आहे.