जॉन फ्रेमाँट : घराणे, जन्म आणि नाव

मॉरिशसमध्ये घरोघरी आपल्या पूर्वजांचे जुने कागद आहेत. कुणाचे नाव कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिले आहे. कुणाच्या आजा-आजीचे लग्न आपल्या रीतीने लागूनही सरकारी वहीत नोंदले गेले नाही, म्हणून त्यांची मुले कागदावर अनौरस ठरली. असे कागद काहीजण लाजेने दडवून ठेवतात. त्यांच्यासाठी आम्ही येथे दूरदेशीच्या एका माणसाच्या घराण्याची हकीकत सांगत आहोत.

जॉन चार्ल्स फ्रेमाँट यांची आई अ‍ॅन व्हाइटिंग ही अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांताच्या एका प्रतिष्ठित मळेवाल्याची मुलगी. तेथील मळे गुलामांच्या श्रमावर चालत. सतराव्या वर्षी तिचे लग्न रिचमंड शहरातील मेजर प्रायर या वयाने कितीतरी मोठ्या, श्रीमंत गृहस्थाशी लावून दिले गेले. पुढे तिला शिकवण्यासाठी प्रायर यांनी चार्ल्स फ्रेमन हा फ्रेंच भाषक शिक्षक ठेवला. दोघांचे मन जुळले आणि 1811 मध्ये ती त्याच्याबरोबर घर सोडून गेली. प्रायर यांनी घटस्फोट मागितला, पण प्रांताच्या विधिमंडळाने तो दिला नाही. त्यामुळे या जोडप्याला कायद्याने लग्न करता आले नाही.

21 जानेवारी 1813 रोजी जॉर्जिया प्रांतातील सव्हाना येथे जॉनचा जन्म झाला. तो लहान असतानाच वडील वारले. आईने चार्ल्सटन येथे गरिबीत मुलांना वाढवले. गैरहजेरीमुळे जॉनला 1831 मध्ये महाविद्यालयातून काढून टाकले, पण गणितात तो हुशार होता आणि पुढे आरमाराच्या जहाजावर त्याने गणितच शिकवले. वडिलांच्या आडनावाला शेवटचे अक्षर आणि आपण शाळेत शिकतो ती फ्रेंच स्वरखूण त्याने मोठेपणी जोडली.

1841 मध्ये सिनेटर बेंटन यांची कन्या जेसी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. 1842 पासून त्यांनी पश्चिमेकडे सर्वेक्षण मोहिमा काढल्या. त्यांचे अहवाल लिहिण्यात जेसीचा मोठा हात होता आणि त्या अहवालांच्या आधारे हजारो कुटुंबे पश्चिमेला निघाली. मात्र 1846 मध्ये त्यांच्या तुकडीने कॅलिफोर्नियात मूळ रहिवाशांची कत्तल केली, हेही त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

1856 मध्ये ते रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे पहिले उमेदवार झाले, तेव्हा विरोधकांनी त्यांच्या जन्माची गोष्ट चव्हाट्यावर आणली. ती निवडणूक ते हरले. पुढे यादवी युद्धात, 1861 मध्ये, मिसुरी प्रांतातील बंडखोरांचे गुलाम मुक्त झाल्याचे त्यांनी जाहीर केले. लिंकन यांनी तो हुकूम मागे घेतला आणि फ्रेमाँट यांचे सेनापतिपद गेले. मळेवाल्याच्या नातवाने काढलेला हा हुकूम होता! 1890 मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

जन्माच्या वेळच्या नोंदीवरून विरोधकांनी त्यांना हिणवले, पण त्यांचे बरेवाईट आज त्यांच्या कामावरूनच ठरते. म्हणून आमची घरोघरच्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे, की ते कागद नातवंडांना दाखवावेत आणि त्यांत जे लिहिलेले नाही, तेही स्वतःच्या तोंडून सांगावे.