अमेरिकेतल्या कट्टर उजव्यांचा म्होरक्या म्हातारपणी समलिंगी सैनिकांसाठी स्वतःच्याच पक्षाला भिडला होता

जून १९९३. बिल क्लिंटन यांना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होऊन पाचच महिने झालेले. समलिंगी लोकांना सैन्यात उघडपणे राहू देऊ, हे निवडणुकीतलं आश्वासन त्यांच्या गळ्याशी आलेलं. सेनाधिकारी विरोधात, रिपब्लिकन पक्ष विरोधात आणि क्लिंटन यांच्याच पक्षाचे वजनदार सिनेटर सॅम नन हेसुद्धा विरोधात.

अशात वॉशिंग्टन पोस्टमध्ये एक लेख छापून आला. ही बंदी मूर्खपणाची आहे, आज ना उद्या ती जाणारच आहे, मग उगाच वेळ कशाला घालवता, असा त्याचा सूर होता. सैनिकाला नेम धरता येतो की नाही ते बघा, त्याचं प्रेम कुणावर आहे ते सरकारने कशाला बघायचं, असा एकूण मुद्दा.

आता असा लेख एखाद्या डाव्या प्राध्यापकाने लिहिला असता तर कुणी फार लक्ष दिलं नसतं. पण लेखक होते ८४ वर्षांचे बॅरी गोल्डवॉटर. अमेरिकेतल्या आधुनिक उजव्या राजकारणाची सुरुवात ज्यांच्यापासून मोजतात, तो माणूस.

गोल्डवॉटर यांचा जन्म १९०९ चा, फिनिक्सचा. तेव्हा ॲरिझोना हे राज्यसुद्धा झालेलं नव्हतं. आजोबा पोलंडहून आलेले ज्यू व्यापारी. वडिलांचं फिनिक्समध्ये मोठं कपड्यालत्त्याचं दुकान. आई ख्रिश्चन, त्यामुळे पोरं चर्चमध्ये वाढली. वडील वारले तसं बॅरी यांनी कॉलेज सोडलं आणि दुकानात लक्ष घातलं. पण गडी गल्ल्यावर बसून राहणारा नव्हता. विमान उडवायचं, वाळवंटात फिरून फोटो काढायचे, हॅम रेडिओवर जगभर बोलायचं, असे सगळे नाद. दुसऱ्या महायुद्धात त्यांना लढाऊ विमान मिळालं नाही, पण मालवाहू विमानं घेऊन ते थेट भारतापर्यंत येऊन गेले.

युद्धानंतर ॲरिझोनाचं एअर नॅशनल गार्ड उभं करण्यात त्यांचा पुढाकार होता. तिथे त्यांनी गोऱ्या आणि काळ्या सैनिकांना एकत्र ठेवलं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला १९४८ मध्ये, त्याच्या आधीची ही गोष्ट. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९५२ मध्ये त्यांनी सिनेटमधल्या बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्यालाच, म्हणजे अर्नेस्ट मॅकफार्लंड यांना हरवलं आणि जानेवारी १९५३ मध्ये ते वॉशिंग्टनला पोहोचले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एक आदेश काढला. सरकारी नोकरीला अपात्र ठरवण्याच्या कारणांमध्ये त्यात लैंगिक विकृती असं एक कारण होतं, आणि त्या काळात त्याचा अर्थ समलिंगी असणं असाच घेतला जायचा. पुढच्या काळात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. यावर गोल्डवॉटर यांनी आवाज उठवल्याची नोंद नाही. ते एकूण तीस वर्षं सिनेटमध्ये होते, तरी हा विषय कधी त्यांच्या अजेंड्यावर दिसत नाही. त्यांचं कौतुक करणारे लोक हा भाग हळूच गाळतात.

त्यांचा अजेंडा वेगळा होता. सरकार लहान हवं, कर कमी हवेत, कम्युनिस्टांना सूट नको. १९६० मध्ये या विचारांवर त्यांच्या नावाने एक छोटं पुस्तक आलं (लिहून दिलं होतं ब्रेंट बोझेल यांनी) आणि ते तुफान खपलं. कॉलेजातली उजवी पोरं त्यांच्यामागे वेडी झाली. १९६४ मध्ये ते रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले.

गंमत म्हणजे, न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या प्रचाराला जुंपलेल्या कार्यकर्त्यांत एक होता हार्वी मिल्क. हो, तोच. पुढे १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निवडून आलेला आणि वर्षभरात गोळ्या घालून मारला गेलेला समलिंगी नेता. उमेदवार गोल्डवॉटर यांना अर्थात याचा पत्ताही नसणार.

पण १९६४ मध्ये त्यांनी जे केलं, ते आयुष्यभर त्यांना चिकटलं. वर्णभेदाविरुद्धचा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये आला आणि गोल्डवॉटर यांनी विरोधात मत दिलं. आधीच्या १९५७ आणि १९६० च्या अशाच कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता. यावेळी त्यांचा आक्षेप असा की, खासगी हॉटेलवाल्याने कुणाला आत घ्यायचं आणि खासगी मालकाने कुणाला कामावर ठेवायचं, हे ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला नाही. ते स्वतः वर्णद्वेष्टे नव्हते असं त्यांचे टीकाकारही मानतात. पण दक्षिणेतल्या वर्णद्वेष्ट्या मतदारांना जो निरोप जायचा तो गेला. निवडणुकीत लिंडन जॉन्सन यांनी त्यांना धुतलं. ४८६ विरुद्ध ५२. जिंकलेली राज्यं सहा : एक त्यांचं ॲरिझोना आणि बाकीची पाच थेट खालच्या दक्षिणेतली.

गोल्डवॉटर हरले, पण पक्ष त्यांच्या वळणावर गेला. त्यांच्या प्रचारात भाषण करून रोनाल्ड रेगन नावाचा नट राजकारणात चमकला आणि १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. पण रेगन यांच्याबरोबर पक्षात आणखी एक ताकद आली होती, ती म्हणजे धर्मगुरूंची. जेरी फॉलवेल यांची मॉरल मेजॉरिटी ही संघटना गर्भपात आणि समलैंगिकता या दोन विषयांवर मतं गोळा करत होती.

गोल्डवॉटर यांना हे अजिबात पटलं नाही. त्यांच्या पत्नी पेगी यांनी १९३० च्या दशकात फिनिक्समध्ये कुटुंब नियोजनाचं केंद्र सुरू करायला हातभार लावला होता, घरातलं वातावरणच वेगळं होतं. १९८१ मध्ये ॲरिझोनाच्याच सँड्रा डे ओकॉनर यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी आलं आणि फॉलवेल यांनी नाक मुरडलं. तेव्हा प्रत्येक चांगल्या ख्रिश्चनाने फॉलवेल यांच्या ढुंगणावर लाथ घालावी, अशा अर्थाचं गोल्डवॉटर जाहीरपणे बोलून गेले. सरकार तुमच्या खिशात शिरू नये आणि बेडरूममध्येही शिरू नये, इतकं साधं त्यांचं गणित. पक्षाला त्यातला खिसा तेवढा लक्षात राहिला होता.

१९८७ मध्ये ते निवृत्त झाले. १९९२ च्या ह्यूस्टन अधिवेशनात पॅट ब्युकॅनन यांनी समलिंगींच्या हक्कांविरुद्ध आग ओकली आणि लॉग केबिन रिपब्लिकन्स या पक्षातल्या समलिंगी गटाने बुश यांना पाठिंबा द्यायला नकार दिला. त्याच निवडणुकीत गोल्डवॉटर यांनी धार्मिक उजव्यांच्या उमेदवाराला डावलून कॅरन इंग्लिश या डेमोक्रॅट बाईंना पाठिंबा दिला. पक्ष कार्यालयावरचं त्यांचं नाव काढून टाका, अशी मागणी ॲरिझोनातले काही रिपब्लिकन करू लागले.

आणि मग तो लेख. त्याचं वजन समजून घ्यायचं तर दोन गोष्टी बघा. एक, लिहिणारा माणूस हवाई दलाच्या राखीव दलातला निवृत्त मेजर जनरल. दोन, विरोधातले सॅम नन हे त्यांचे जुने जोडीदार. सिनेटच्या संरक्षण समितीचे गोल्डवॉटर अध्यक्ष असताना नन विरोधी पक्षाचे प्रमुख सदस्य होते, आणि १९८६ ची सैन्याची मोठी फेररचना दोघांनी मिळून पार पाडली होती. सैन्याचं काय बिघडेल हे गोल्डवॉटर यांना कळत नाही, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

त्यांचा एक नातू समलिंगी होता. म्हणून आजोबा बदलले, असं बरेच जण म्हणतात. असेलही. पण त्यांची मांडणी घरच्या प्रेमाची नव्हती, त्यांची नेहमीचीच होती : सरकारने नको तिथे नाक खुपसू नये, आणि सैन्यातून काढलेल्या माणसांच्या जागा भरायला कोट्यवधी डॉलर जातात ते वेगळंच.

खरा पेच आला १९९४ मध्ये. समलिंगी आहे म्हणून कुणाला नोकरीवरून काढता येऊ नये, असा कायदा करण्याची मोहीम सुरू झाली आणि गोल्डवॉटर तिचे मानद अध्यक्ष झाले. आता बघा, हा कायदा सांगत होता की खासगी मालकाने कुणाला कामावर ठेवायचं यात केंद्र सरकार लक्ष घालणार. म्हणजे १९६४ मध्ये काळ्या लोकांसाठी जे नाकारलं, तेच तीस वर्षांनी समलिंगींसाठी मागितलं. याचा मेळ त्यांच्या तत्त्वात बसत नाही, आणि कुणी कितीही ओढूनताणून बसवला तरी मला तो पटत नाही. माणूस बदलला होता. कदाचित आपण किती बदललोय हे त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नसेल.

पक्ष काही बदलला नाही. १९९३ मध्ये सैन्याबाबत तडजोड झाली ती अशी की, विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. त्या नियमाखाली १३ हजारांहून जास्त सैनिकांना घरी पाठवलं गेलं. तो संपला सप्टेंबर २०११ मध्ये. १९९५ मध्ये बॉब डोल यांच्या प्रचार यंत्रणेने लॉग केबिनवाल्यांचा हजार डॉलरचा चेक परत पाठवला होता.

गोल्डवॉटर २९ मे १९९८ रोजी वारले, वय ८९. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या सिनेट कार्यालयात निरोप पोहोचवायचं काम करणारा एक शाळकरी पोरगा होता, जिम कोल्बे. तो पुढे ॲरिझोनाचा रिपब्लिकन खासदार झाला आणि १९९६ मध्ये आपण समलिंगी असल्याचं त्याने जाहीर केलं. २००० च्या पक्ष अधिवेशनात कोल्बे व्यापार धोरणावर बोलायला उभे राहिले, तर टेक्सासचे काही प्रतिनिधी टोप्या काढून, माना खाली घालून प्रार्थना करत बसले.

आणि तो नोकरीचा कायदा? १० सप्टेंबर १९९६ रोजी सिनेटमध्ये तो ४९ विरुद्ध ५० असा एका मताने पडला. पुन्हा कधी झालाच नाही. शेवटी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की समलिंगी असल्यावरून कुणाला नोकरीतून काढणं बेकायदाच आहे. निकाल लिहिला नील गॉर्सच या उजव्या विचारांच्या न्यायमूर्तींनी. आधार घेतला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा, ज्याच्या विरोधात बॅरी गोल्डवॉटर यांनी मत दिलं होतं.