थॉमस मिजली ज्युनियर

थॉमस मिजली ज्युनियर (१८ मे, १८८९ – २ नोव्हेंबर, १९४४) हे अमेरिकन यांत्रिकी अभियंते व रसायनतज्ज्ञ होते. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे टेट्राएथिल लेड आणि आर-१२ हा शीतक वायू ही त्यांच्या संशोधनाची दोन प्रमुख फळे होत. मोटारगाड्यांची वातानुकूलन यंत्रणा सुमारे अर्धशतक आर-१२ वायूवर चालली. हयातीत त्यांना रसायनशास्त्रातील मोठे सन्मान मिळाले. मात्र मृत्यूनंतर त्यांचे दोन्ही शोध पर्यावरणास घातक ठरले व जगभर त्यांचा वापर थांबवावा लागला.

प्रारंभिक जीवन

मिजली यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील बीव्हर फॉल्स येथे झाला. त्यांचे वडीलही संशोधक होते. बालपण ओहायो राज्यातील कोलंबस येथे गेले. १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्याच वर्षी त्यांचा कॅरी रेनॉल्ड्स यांच्याशी विवाह झाला. १९१६ मध्ये ते डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. पुढे ही प्रयोगशाळा जनरल मोटर्स कंपनीच्या संशोधन विभागाचा भाग बनली. रसायनशास्त्राचे औपचारिक उच्च शिक्षण नसतानाही मिजली यांनी आपले बहुतेक कार्य याच क्षेत्रात केले.

शिसेयुक्त पेट्रोल

इंजिनातील इंधन अवेळी पेटल्यामुळे होणाऱ्या ठोक्यांवर उपाय शोधण्याचे काम केटरिंग यांनी मिजली यांच्याकडे सोपवले. अनेक पदार्थ तपासल्यानंतर डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड परिणामकारक असल्याचे आढळले. हे इंधन ‘एथिल’ या नावाने बाजारात आले. त्या नावात शिशाचा उल्लेख नव्हता. शिसे विषारी असल्याचे तेव्हाही ज्ञात होते. खुद्द मिजली यांना १९२३ मध्ये शिशाच्या बाधेमुळे काही काळ विश्रांती घ्यावी लागली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात पाच कामगार दगावले. त्यानंतर झालेल्या पत्रकार परिषदेत मिजली यांनी हे द्रव्य आपल्या हातांवर ओतून व त्याची वाफ हुंगून ते निर्धोक असल्याचे दाखवण्याचा प्रयत्न केला. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तेथील विक्री २०२१ मध्ये थांबली.

शीतक वायूचा शोध

१९२० च्या दशकातील शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड वापरत असत. हे वायू विषारी होते आणि त्यांपैकी काही ज्वलनशीलही होते. घरात गळती झाल्यास जीव जाण्याचा धोका असे. १९२८ मध्ये केटरिंग यांनी मिजली यांना बिनविषारी व न पेटणारा पर्याय शोधण्यास सांगितले. मिजली आणि त्यांचे सहकारी आल्बर्ट हेन यांनी फ्लोरिनच्या संयुगांकडे लक्ष वळवले. बेल्जियन रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक स्वार्ट्स यांनी अशा संयुगांवर पूर्वीच काम केले होते.

त्यांनी निवडलेले संयुग डायक्लोरोडायफ्लुरोमिथेन, म्हणजेच आर-१२, हे होते. त्याच्या निर्मितीसाठी लागणाऱ्या अँटिमनी ट्रायफ्लोराइडच्या मोजक्याच बाटल्या उपलब्ध होत्या. पहिल्या बाटलीपासून बनवलेला वायू गिनीपिगला हुंगवला असता त्यास काहीही झाले नाही. दुसऱ्या बाटलीपासून बनवलेल्या वायूने मात्र प्राणी दगावला. दोष मूळ संयुगात नसून अशुद्ध कच्च्या मालामुळे तयार झालेल्या फॉस्जीन या विषारी वायूत होता, हे तपासणीत स्पष्ट झाले. पहिलीच बाटली अशुद्ध निघाली असती, तर बहुधा हे संशोधन तेथेच सोडून दिले गेले असते.

एप्रिल १९३० मध्ये अटलांटा येथे भरलेल्या अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजली यांनी हा वायू छातीत भरून घेतला आणि तो सोडून मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही व पेटतही नाही, हे त्यांनी एकाच प्रयोगातून दाखवले. जनरल मोटर्स व ड्यूपाँ यांच्या संयुक्त कंपनीने ‘फ्रिऑन’ या नावाने त्याचे उत्पादन सुरू केले.

मोटारींतील वापर

प्रवाशांच्या डब्याला लागूनच असणाऱ्या यंत्रणेत विषारी वायू वापरणे शक्य नव्हते. आर-१२ मुळे ही अडचण दूर झाली. पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये कारखान्यातच वातानुकूलन बसवलेली मोटार सादर केली. तिच्या कॉम्प्रेसरला क्लच नसल्याने यंत्रणा पूर्णपणे बंद करण्यासाठी पट्टा काढून ठेवावा लागे.

घरगुती शीतकपाटाचा कॉम्प्रेसर मोटरसह पोलादी आवरणात कायमचा बंद असतो. मोटारीतील कॉम्प्रेसर मात्र इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. त्यामुळे त्याचा दांडा आवरणाबाहेर येतो व तेथील सीलमधून वायू झिरपू शकतो. रबरी नळ्या आणि सततचे हादरे यांमुळेही गळती होते. गळती शोधण्यासाठी कारागीर हॅलाइड दिवा वापरीत; वायूतील क्लोरीनमुळे तांब्याच्या सान्निध्यातील ज्योत हिरवी होई. पुष्कळदा गळती न बुजवता केवळ गॅस भरला जाई आणि दुरुस्तीपूर्वी उरलेला वायू हवेत सोडून दिला जाई. वायू बिनविषारी असल्याने यात कोणास गैर वाटत नसे.

ओझोन थरावरील परिणाम

आर-१२ अत्यंत स्थिर असल्याने खालच्या वातावरणात त्याचे विघटन होत नाही. १९७४ मध्ये मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले की असे वायू स्थितांबरात पोहोचल्यावर अतिनील किरणांमुळे त्यांतून क्लोरीन मुक्त होतो व ओझोन नष्ट करतो. ज्या स्थिरतेमुळे हा वायू माणसास निर्धोक ठरला होता, तीच या हानीचे मूळ होती. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास नोंदवला गेला आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. मोलिना, रोलंड व पॉल क्रुटझेन यांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोटारींत आर-१२ ची जागा क्लोरीनरहित आर-१३४ए या वायूने घेतली. त्यासाठी वंगणतेल बदलावे लागले आणि दोन वायूंची सरमिसळ टाळण्यासाठी गॅस भरण्याची तोंडे वेगळी करण्यात आली. क्लोरीन नसल्याने हॅलाइड दिवाही निरुपयोगी ठरला. वायू हवेत न सोडता यंत्राद्वारे परत गोळा करणे, हा दुरुस्तीचा भाग बनला. मात्र आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रभावी हरितगृह वायू असल्याने त्याचाही वापर कमी केला जात आहे. त्याच्या जागी येणारा आर-१२३४वायएफ सौम्य ज्वलनशील आहे.

सन्मान व मृत्यू

मिजली यांना १९३७ मध्ये पर्किन पदक व १९४१ मध्ये प्रीस्टली पदक मिळाले. १९४४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९४० मध्ये पोलिओमुळे त्यांना अपंगत्व आले होते. अंथरुणातून उठण्यासाठी त्यांनी स्वतःच दोऱ्या व कप्प्यांची एक योजना तयार केली होती. त्याच दोऱ्यांचा फास बसून २ नोव्हेंबर, १९४४ रोजी ओहायोतील वर्दिंग्टन येथे त्यांचा मृत्यू झाला. ओझोन थरावरील परिणाम उघड होण्यास तेव्हा आणखी तीन दशके होती.