सायलेन्सरमधला नर्न्स्ट

बारावीच्या केमिस्ट्रीत नर्न्स्ट इक्वेशन येतं. आपण सगळ्यांनी ते पाठ केलं, पेपरात उतरवलं आणि सीईटी झाल्यावर विसरलो. माझी त्याच्याशी परत गाठ पडली ती भोसरीत, एका गॅरेजमध्ये.

झालं असं, की बाबांच्या २०१३ सालच्या गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. एका ठिकाणी स्कॅनर लावला, पी ०४२० हा कोड आला आणि लगेच निकाल मिळाला: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय, नवीन टाका. आकडा ऐकून बाबा गप्पच झाले. मग लांडेवाडीजवळच्या एका मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी काहीच खोललं नाही. दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज बघत बसले. हे व्होल्टेज ज्याच्या इक्वेशनने निघतं, त्याची ही गोष्ट.

वाल्थर नर्न्स्टचा जन्म २५ जून १८६४ चा, ब्रीझेन गावचा. ते गाव तेव्हा प्रशियात होतं, आता पोलंडमध्ये आहे. शिक्षण झुरिक, बर्लिन, ग्राझ, वुर्झबर्ग असं फिरत फिरत झालं. १८८७ मध्ये तो लाइपझिगला ऑस्टवाल्डचा असिस्टंट झाला आणि १८८९ मध्ये ते इक्वेशन मांडलं. म्हणजे वय पंचवीस! आपल्यापेक्षा फक्त पाच वर्षांनी मोठा. (इथे मी थोडा वेळ उदास झालो होतो.)

पण मला खरा इंटरेस्ट वाटला तो त्याच्या दिव्यात. १८९७ च्या सुमारास गॉटिंगेनमध्ये त्याने झिर्कोनियात थोडा यिट्रियम ऑक्साइड मिसळून सिरॅमिकची बारीक कांडी बनवली. ही कांडी गार असताना वीज नेतच नाही. आधी तापवावी लागते, मग करंट वाहतो आणि ती लखलखते. एडिसनच्या बल्बसारखी व्हॅक्यूमची गरज नाही. पेटंट एईजी कंपनीने घेतलं, दहा लाख मार्कांना असं सांगतात. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे दिवे झळकले. पण दिवा लावायला आधी तापवत कोण बसणार? टंगस्टनचा बल्ब आला आणि नर्न्स्टचा दिवा मागे पडला. मात्र अशा तापलेल्या घन पदार्थातून आयन वाहतात, हे त्याने १८९९ मध्येच मांडून ठेवलं होतं.

आता गंमत बघा. आपल्या गाडीच्या ऑक्सिजन सेन्सरमध्ये हीच झिर्कोनिया-यिट्रियाची जोडी आहे, छोट्या टोपीच्या आकारात. टोपीच्या आत साधी हवा, बाहेर एक्झॉस्ट. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक, तेवढं व्होल्टेज, आणि ते निघतं नर्न्स्टच्याच इक्वेशनने. हाही गार असताना काम करत नाही, तीनशे डिग्रीच्या आसपास तापावा लागतो. म्हणून त्याला आत हीटर असतो. दिव्याचा जो दोष होता तो सेन्सरने तसाच्या तसा उचलला. बॉशचा असा सेन्सर १९७६ मध्ये पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत बसला. तेव्हा नर्न्स्टला जाऊन पस्तीस वर्षं झाली होती.

त्याला हे बघायला नक्की आवडलं असतं, कारण माणूस गाड्यांचा वेडा होता. गॉटिंगेनमध्ये मोटार घेणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता. चढावर जोर मिळावा म्हणून त्याने इंजिनला नायट्रस ऑक्साइड देऊन बघितल्याचा किस्सा आहे. १९०५ मध्ये तो बर्लिनला गेला. १९०६ मध्ये थर्मोडायनॅमिक्सचा तिसरा नियम निघाला. १९२० चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याच्या उष्णता-रसायनाच्या कामासाठी मिळालं. त्याच सुमारास आपले मेघनाद साहा बर्लिनमध्ये त्याच्या लॅबमध्ये प्रयोग करत होते.

मध्ये युद्ध येऊन गेलं. १९१४ मध्ये पन्नाशीत हा प्रोफेसर स्वतःच्या हौसेने सैन्याचा ड्रायव्हर झाला आणि फ्रान्सच्या आघाडीपर्यंत गेला. युद्धात रसायनं वापरण्याच्या कामातही त्याचा हात होता, ते झाकण्यात अर्थ नाही. त्या युद्धात त्याची दोन्ही मुलं गेली. पुढे हिटलर आला. दोन मुलींचे नवरे ज्यू, त्यांना देश सोडावा लागला. १९३३ मध्ये निवृत्त होऊन तो आपल्या शेतावर गेला. तिथे तो मासे पाळायचा. गायीगुरं स्वतःच्या अंगाने भोवतालची हवा फुकट तापवतात, मासे तरी तसं करत नाहीत, असं त्याचं म्हणणं सांगतात. १८ नोव्हेंबर १९४१ ला तिथेच तो वारला.

परत गॅरेजमध्ये. कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सारखं नाचतं, ते बरोबरच आहे. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, म्हणून मागचा सेन्सर जवळजवळ स्थिर राहायला पाहिजे. आमचा मागचाही नाचत होता. कॉम्प्युटरने त्यावरून कन्व्हर्टर मेला असं ठरवलं. पण सेन्सरला फक्त दोन बाजूंमधला फरक कळतो. बाहेरचा ऑक्सिजन कुठून आला हे त्याला कुठे माहीत? मिस्त्रीकाकांनी गाडी पूर्ण गार होऊ दिली, स्टार्ट केली आणि खाली कान लावला. टक-टक-टक. मागच्या सेन्सरच्या आधीचा जॉइंट लीक होता, कडेला काजळी पण धरलेली. एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांच्या मध्ये तिथून हवा आत ओढली जात होती. मागचा सेन्सर बिचारा खरंच बोलत होता. काका म्हणाले, हाच लीक पुढच्या सेन्सरच्या आधी असता तर कॉम्प्युटरने पेट्रोल वाढवलं असतं आणि मग जास्तीच्या पेट्रोलने कन्व्हर्टर खरोखरच जळाला असता.

गॅस्केट बदललं, कोड पुसला. चाकणपर्यंत जाऊन परत आलो, मागचा सेन्सर शांत. गॅस्केट आणि मजुरी धरून जे बिल झालं, त्यात माझी महिन्याची मेससुद्धा भागली नसती. घरी जाताना नाशिक फाट्यापर्यंत दिवा लागला नाही, तरी बाबा दर दोन मिनिटांनी वाकून मीटरकडे बघत होते.