घर पाडण्याआधी गल्ली पायी फिरा, असं सांगणारे पॅट्रिक गेडिस

पुणे-नाशिक रस्त्यावरचं, इंद्रायणीकाठचं मोशी १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. अशा गावांत विकास आराखडा हा शब्द निघाला की पहिला प्रश्न एकच असतो. माझ्या घरावरून, माझ्या शेतावरून रस्ता जातोय का?

नकाशावर रेघ मारायला दोन मिनिटं लागतात. पण त्या रेघेखाली कोणाचं घर येतं, कोणाची विहीर येते, हे आधी कोण बघतं? शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न घेऊन एक स्कॉटिश माणूस भारतातली शहरं पायी फिरला. त्याचं नाव पॅट्रिक गेडिस.

आजारपणामुळे वाट बदलली

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलेटर गावी झाला. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. लंडनमध्ये थॉमस हक्सली यांच्याकडे ते शिकले. १८७९ मध्ये अभ्यासासाठी मेक्सिकोला गेले आणि तिथे आजारी पडले. काही काळ त्यांना दिसेनासं झालं. सूक्ष्मदर्शकातून तासन् तास बघणं पुढे जमणार नव्हतं. मग जीव आणि त्याचा परिसर यांचं नातं शोधणारी त्यांची नजर माणसांच्या वस्तीकडे वळली.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाल्यावर हे जोडपं राहायला गेलं ते एडिंबरामधल्या पडक्या, दाटीवाटीच्या वस्तीत. शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी घरं दुरुस्त केली, रंगवली, मोकळ्या तुकड्यांवर बागा केल्या. वस्ती न हटवताही ती सुधारता येते, हे गेडिस तिथे शिकले.

पद्धत काय होती?

सूत्र साधं होतं. आधी पाहणी, मग आराखडा. डॉक्टर नाडी बघितल्याशिवाय औषध देत नाही, तसंच शहराचं.

पाहणीत तीन गोष्टी एकत्र बघायच्या. जागा, काम आणि माणसं. जमिनीचा उतार कुठे आहे, पाणी कुठे मुरतं, लोक पोट कशावर भरतात, कोण कोणाशेजारी राहतं, सण कुठे साजरे होतात. हे सगळं कळलं की मगच पेन्सिल हातात घ्यायची. आणि कापायचंच असेल तर कमीत कमी कापायचं. पडीक घर काढून तिथे छोटा चौक करायचा, पण नांदतं घर शक्यतो ठेवायचं.

भारतात तेव्हा काय चाललं होतं?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्ती म्हणजे रोग, म्हणून वस्ती पाडा आणि रुंद रस्ता काढा, असा तेव्हाचा विचार होता. पण पाडलेल्या घरांतले गरीब जाणार कुठे? ते शेजारच्या वस्तीत शिरायचे आणि तिथे गर्दी आणखी वाढायची.

गेडिस १९१४ मध्ये भारतात आले. शहरांविषयीचं त्यांचं प्रदर्शन दुसऱ्या जहाजाने येत होतं. ते जहाज एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. वर्षानुवर्षं जमवलेले नकाशे आणि चित्रं गेली. त्यांनी पुन्हा साहित्य जमवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन भरवलंच. पुढच्या काही वर्षांत ठाणे, नागपूर, बडोदा, लखनौ, लाहोर अशा अनेक शहरांवर त्यांनी अहवाल लिहिले. डास होतात म्हणून तलाव बुजवू नका, तो स्वच्छ करा आणि त्यात मासे सोडा, असं ते सांगत.

इंदूरची दिवाळी

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी फार वाईट गेलं. मोठा मुलगा ॲलिस्टर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना तेव्हा भारतात आजारी होत्या. त्यांच्यापासून ही बातमी लपवावी लागली. काही आठवड्यांतच त्याही गेल्या.

त्यानंतर गेडिस होळकरांच्या इंदूरच्या कामात बुडाले. तिथेही प्लेगचं भय होतं. त्यांनी हुकूम काढण्याऐवजी दिवाळीची मिरवणूक ठरवली. ज्या भागातली घरं आणि गल्ल्या सगळ्यात स्वच्छ, तिथून मिरवणूक जाणार, असं जाहीर झालं. लोकांनी गाड्या भरभरून कचरा काढला. मिरवणुकीत सफाई कामगारांना मानाचं स्थान होतं. प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती आणि शेवटी प्लेगरूपी राक्षसाचं दहन झालं. पाहणीतून लोक कळले होते, म्हणून लोकांना कामाला लावणंही जमलं.

मुंबई विद्यापीठ आणि नंतर

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला. गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच शिफारशीने इंग्लंडला शिकायला गेले आणि १९२४ पासून त्यांनी तो विभाग सांभाळला.

गेडिस यांच्या मर्यादाही होत्या. त्यांचं बोलणं एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारायचं. अनेक अहवाल कपाटातच राहिले. पायी पाहणीला वेळ लागतो आणि प्रशासनाला घाई असते. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधल्या माँपेलिए इथे त्यांचं निधन झालं.

आज त्याचं काय?

महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात आराखड्याआधी पाहणी करून सध्याच्या जमीन वापराचा नकाशा तयार करावा लागतो. मग प्रारूप आराखडा येतो आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात.

म्हणून आराखडा जाहीर झाला की फक्त आरक्षणाचा नकाशा बघून थांबू नका. सध्याच्या वापराचा नकाशाही बघा. तुमचं घर, ओढा, विहीर, देऊळ त्यात जिथे आहे तिथेच दाखवलंय का? पाहणीतच ते सुटलं असेल, तर रेघ चुकणारच. हरकत लिहायची सुरुवात तिथूनच करावी.