पावसात स्वीकारलेला करंडक

मुळशीच्या डोंगरउतारांवर आज गोल्फ खेळले जाते. भारतीय वंशाचे पापवा सेवगोलम मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील दरबानचे हे गोल्फपटू शाळेत गेले नव्हते. गोऱ्यांच्या पिशव्या वाहताना ते खेळ शिकले, तोही डावा हात उजव्याखाली धरून, म्हणजे रूढ पद्धतीच्या उलट. १९५९ मध्ये ते डच ओपनचे विजेते ठरले. १९६३ च्या जानेवारीत दरबानलाच त्यांनी नाताल ओपन जिंकली. पण क्लबगृहात गौरेतरांना मज्जाव! करंडक बाहेर पावसात घ्यावा लागला. त्याच वर्षी ब्रिटिश ओपनमध्ये संयुक्त १३ वे स्थान मिळाले. १९६५ मध्ये गॅरी प्लेअर यांना मागे टाकून ते पुन्हा जिंकले. पाठोपाठ सरकारने स्पर्धाबंदी लादली, पारपत्रही काढून घेतले. १९७८ मध्ये, पन्नाशीच्या आतच, ते निवर्तले.