गाडीला माणसाची चाल देणारा लँचेस्टर

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी एखादं तरी चरित्र असतंच. बहुतेक वेळा विश्वेश्वरय्या, कधी एडिसन, कधी कलाम सर. ही सगळी मोठी माणसं, वादच नाही. पण या वर्षी मी ठरवलं, की आपण ज्याचं नाव फक्त 'व्हायब्रेशन'च्या पुस्तकात, डॅम्परच्या आकृतीखाली वाचतो आणि पेपर झाला की विसरतो, त्या माणसाबद्दल लिहायचं. त्याचं नाव फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर. मेकॅनिकलच्या पोरांना 'लँचेस्टर डॅम्पर' पाच मार्कांना येतो. त्या पाच मार्कांच्या मागे केवढा माणूस उभा आहे, हे मला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमुळे कळलं.

लँचेस्टरचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनच्या ल्यूइशम भागात झाला. वडील आर्किटेक्ट होते. पोरगं हुशार, पण परीक्षेच्या साच्यात न बसणारं. साउदॅम्प्टनच्या हार्टली इन्स्टिट्यूशनमध्ये आणि नंतर लंडनला साउथ केन्सिंग्टनमध्ये तो शिकला, पण पदवी न घेताच बाहेर पडला. पेटंटच्या ऑफिसात ड्रॉइंग काढायचं काम काही दिवस केलं आणि १८८९ मध्ये बर्मिंगहॅमजवळ गॅस इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागला.

इथे एक गोष्ट घडली. ती प्लेसमेंटला बसणाऱ्या प्रत्येकाने वाचावी म्हणून मुद्दाम सांगतो. नोकरीच्या करारात एक कलम होतं, की या माणसाने जे काही शोध लावले ते सगळे कंपनीच्या मालकीचे. वय अवघं वीस-एकवीस, खिशात पैसे नाहीत, हातात डिग्री नाही. तरी पठ्ठ्याने सही करायच्या आधी ते कलम खोडलं आणि मग सही केली! पुढे त्याने इंजिनासाठी गव्हर्नर शोधला, स्टार्टर शोधला, आणि पेटंटं स्वतःच्या नावावर घेतली. आपल्याकडे बाँडवर डोळे मिटून सह्या होतात, तेव्हा मला हे कलम आठवतं.

१८९५ साली त्याने भाऊ जॉर्जच्या मदतीने मोटारगाडी बनवायला घेतली आणि १८९६ च्या सुरुवातीला ती रस्त्यावर आली. तेव्हाचा इंग्लंडचा कायदा आज वाचला तर हसू येतं. यांत्रिक गाडीपुढे एक माणूस पायी चालला पाहिजे आणि वेग गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात २ मैल! हा कायदा १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये बदलला. म्हणजे कायद्याने गाडीला पायी चालायला लावलं होतं त्या काळात हा माणूस ती गाडी कशी चालावी याचा विचार करत होता.

त्या वेळचे बाकीचे लोक घोडागाडी घ्यायचे, घोडा काढायचे आणि तिथे इंजिन बसवायचे. लँचेस्टरने कोरा कागद घेतला. इंजिन हादरतं ना? मग हादरा निघतो तिथेच मारायचा. त्याच्या दोन सिलिंडरच्या इंजिनात दोन क्रँकशाफ्ट होते, एकमेकांच्या उलट फिरणारे, एकाचा धक्का दुसऱ्याने खायचा असा हिशोब. पुढे चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगाने जो बारीक थरथराट होतो, त्यासाठी त्याने दुप्पट वेगाने फिरणारे बॅलन्सर शोधले. हीच कल्पना १९७० च्या दशकात मित्सुबिशीने पुन्हा बाजारात आणली. १९०२ मध्ये तर त्याने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. कुठे १९०२ आणि कुठे आपल्या बाइकचा डिस्क ब्रेक!

पण माझ्या प्रोजेक्टचा संबंध त्याच्या स्प्रिंगशी. लँचेस्टरने असा विचार केला, की माणसाच्या शरीराला वरखाली होण्याची सवय कुठली? तर चालण्याची. आपण मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे पावलं टाकतो आणि प्रत्येक पावलाला डोकं थोडं वरखाली होतं. जन्मभर होतं, तरी कुणाला चक्कर येत नाही. मग गाडीचं हेलकावणंही त्याच्याच जवळपास ठेवलं तर? म्हणून त्याने लांब, मऊ पाटे वापरले आणि चाकाला जागेवर धरायचं काम वेगळ्या दांड्यांवर सोपवलं. पाट्याने फक्त पाट्याचं काम करायचं. खालची चौकट मात्र कडक ठेवली, कारण चौकटच पिळवटायला लागली तर स्प्रिंगला अर्थ उरत नाही.

आता थोडं गणित, घाबरू नका. गाडीचं वजन बसल्यावर स्प्रिंग किती दबते त्यावरून ती सेकंदाला किती वेळा हेलकावेल ते निघतं. दाब मीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि अर्ध्याला त्याने भागा. स्प्रिंग ४ सेंटीमीटर दबत असेल तर सेकंदाला अडीच हेलकावे, म्हणजे दगडी राइड. ११ सेंटीमीटर दबली तर दीड, २५ सेंटीमीटर दबली तर एक. म्हणजे मऊ गाडी हवी असेल तर स्प्रिंगला हलायला जागा द्यावी लागते, ती फुकट मिळत नाही. बसलेल्या माणसाला सेकंदाला ४ ते ८ वेळाचे उभे हादरे सगळ्यात जास्त लागतात, आणि अर्ध्यापेक्षा कमी वेळा होणारं संथ डोलणं पोटात ढवळतं. चालण्याची लय या दोन्हींच्या मधे येते.

हे सगळं आम्हाला कशाला लागलं? आमच्या ग्रुपकडे प्रोजेक्टला एक फिरता दवाखाना आला होता. मिनीबसच्या चासीवर बांधलेली गाडी. आत तपासणीचं टेबल, औषधांची कपाटं, पाण्याची टाकी, जनरेटर. परदेशात लोक चाकांवरचं घर घेऊन फिरतात, त्याचीच ही बहीण. डोंगरातल्या वाड्यांवर जायची. ड्रायव्हरकाकांची तक्रार, की वळणावर गाडी लोळते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकं लागतं आणि जरा वारं आलं की बाजूला सरकते. नर्सताईंची तक्रार साधी होती, गावात पोचेपर्यंत त्यांनाच उलट्या व्हायच्या आणि पहिला पेशंट त्याच असायच्या. गंमत नाही, त्या महिन्यातल्या फेऱ्या कमी करायचं म्हणत होत्या. फेरी कमी म्हणजे वाडीवरच्या म्हाताऱ्यांची बीपीची गोळी चुकणार.

ग्रुपमधल्या सगळ्यांचं एकच मत होतं, की शॉकअप बदला आणि पाट्यात एक पान वाढवा. आमचे गाइड सर म्हणाले, आधी वजन करा. म्हणून गाडी पूर्ण भरून वजनकाट्यावर नेली. आधी पुढची चाकं, मग मागची, मग एकेक बाजू. तेव्हा कळलं, की पाण्याची टाकी मागच्या चाकांच्याही मागे होती. तराजूसारखं झालं होतं. मागे टाकी बसली की पुढचा भाग उचलला जायचा, म्हणून स्टिअरिंग हलकं. शिवाय कपाटं आणि जनरेटर एकाच बाजूला, म्हणून गाडी कायम तिरकी. टाकी दोन्ही एक्सलच्या मधे आणली, जनरेटर दुसऱ्या बाजूला नेला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलो होतो, पण भरलेली टाकी ढकलताना खरं पटलं.

मग प्रत्येक एक्सलवर आलेल्या वजनाप्रमाणे टायर बनवणाऱ्याच्या तक्त्यातून हवा ठरवली. आधी सगळ्या चाकांत सारखीच, टम्म भरायचे. त्यानंतर शॉकअप. जुने पार गेले होते, नवे त्या वजनाला साजेसे घेतले. अती कडक घेतले असते तर बारीक खड्डेही आत पोचले असते, हे डॅम्पिंगच्या चॅप्टरमध्ये असतंच. पाट्यात पान मात्र वाढवलं नाही. शेवटी लोळणं कमी करायला स्टेबिलायझर बार, तोही पुढच्या एक्सलला. फक्त मागे जाड बार टाकला असता तर वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जायची भीती होती.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगचं नातं मात्र लँचेस्टरनंतरच्या माणसाने नीट उलगडलं. मॉरिस ऑली हा इंग्लिश इंजिनीअर १९३२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे होता. त्याने एका मोठ्या गाडीला पुढे-मागे हलवता येणारी वजनं लावली आणि स्प्रिंग बदलत बदलत तो फिरत राहिला. कळलं असं, की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हवी. कारण खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला उशिरा. मागचा भाग जरा भराभर हेलकावला तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी पाळण्यासारखी न डोलता सपाट वरखाली होते. जनरल मोटर्सच्या १९३४ च्या गाड्यांमध्ये पुढची चाकं स्वतंत्र झाली, त्यामागे हेच काम होतं.

परत लँचेस्टरकडे येतो. १८९९ च्या डिसेंबरमध्ये भावांनी मिळून कंपनी काढली. गाड्या उत्तम होत्या. मुंबईत जन्मलेला लेखक रुडयार्ड किपलिंग त्यांचा सुरुवातीचा गिऱ्हाईक. पुढे नवानगरच्या जामसाहेबांनी, म्हणजे आपल्या क्रिकेटवाल्या रणजींनी, कितीतरी लँचेस्टर गाड्या घेतल्या. पण कंपनीत भांडवल अपुरं, संचालकांशी खटके, आणि १९०४ मध्येच ती अडचणीत आली. नव्याने उभी राहिली तरी त्याचा जीव तिथे रमला नाही. तो डेमलरचा सल्लागार झाला आणि हळूहळू भावांच्या कंपनीतून बाहेर पडला.

विमान उडायच्या आधीच, १८९४ मध्ये, त्याने बर्मिंगहॅमच्या एका सभेत पंखाला उचल कशी मिळते ते मांडलं होतं. १८९७ मध्ये तो निबंध मोठ्या विद्वान संस्थांनी परत पाठवला. १९०७ आणि १९०८ मध्ये त्याने दोन जाडजूड ग्रंथच काढले. जर्मनीत प्रांट्लने तोच सिद्धांत स्वच्छ गणितात बसवला, म्हणून एरोच्या पुस्तकात आज दोघांची नावं जोडून येतात. पहिल्या महायुद्धात दोन सैन्यांच्या बळाचं गणित त्याने मांडलं, ते लँचेस्टरचे नियम म्हणून ऑपरेशन्स रिसर्चवाले आजही शिकतात. आणि इतकं करून हा गृहस्थ गाणंही छान म्हणायचा!

१९२२ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पदकं आली, मान आला. पैसा आला नाही. डेमलरचं काम सुटलं, स्वतःच्या प्रयोगशाळेत लाउडस्पीकर बनवायचा धंदा बुडाला, पार्किन्सन्सने हात थरथरू लागले. ज्याने इंजिनाचा थरथराट थांबवला त्याच्याच हाताचा थांबवायला काही नव्हतं. शेवटी राहतं घर टिकलं तेही लोकांच्या मदतीवर. १९४५ मध्ये त्याला जेम्स वॉट पदक मिळालं आणि ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅममध्ये तो गेला. पुढे १९७० मध्ये कॉव्हेंट्रीच्या पॉलिटेक्निकला त्याचं नाव दिलं गेलं. तेच आजचं कॉव्हेंट्री विद्यापीठ.

मग हा माणूस यशस्वी की अयशस्वी? हॉस्टेलवर यावर एक रात्र वाद झाला. एकाचं म्हणणं, कलम खोडून तरी काय मिळालं, पेटंटं असूनही कंगालच ना! मला तसं वाटत नाही. ते कलम त्याने श्रीमंत व्हायला खोडलं असेल तर फसलं. पण त्यामुळे आयुष्यभर त्याने स्वतःला पटेल तेच काम केलं, आणि पैशाचं शहाणपण जोडीला नसेल तर त्याची काय किंमत पडते तेही दाखवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि नोकरीला लागताना दोन्ही माहीत असाव्यात.

फिरत्या दवाखान्याचं सांगायचं राहिलं. घाटात ती अजूनही थोडी डुलते, उंच गाडी आहे, डुलणारच. पण ड्रायव्हरकाका एका हाताने तंबाखू मळायला लागले आहेत (हे बरं नाही, सांगितलंय त्यांना) आणि नर्सताईंनी फेऱ्या कमी करायचा विषय काढलेला नाही. ज्युनिअर्सनी पुढच्या वर्षी मागच्या पाट्यांवर काम करावं. सगळी मापं वर्कशॉपच्या कपाटात, निळ्या फाइलमध्ये आहेत.